वरून पाहणारी आत्या

माझ्या आत्याने आजवर जगातली एकही गोष्ट समोरून पाहिलेली नाही. ती सगळं वरून पाहते. कोणी नवं घर घेतलं तर लोक जाऊन फरशी पाहतात, स्वयंपाकघर पाहतात. आत्या अकोल्यात, जठारपेठेतल्या आपल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून त्या घराची गच्ची पाहते आणि फोन करते, "टाकी पश्चिमेकडं ठेवली तुमी. उन्हाळ्यात नळाले उकळतं पानी येईन." घर घेणाऱ्यांचं सामानसुद्धा अजून लागलेलं नसतं. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं, तेव्हा तिने मुलाचा फोटो बाजूला सारला आणि पत्ता मागितला. थोड्या वेळाने वलगावला माझ्या आईला फोन लावला. "अंगनात एक झाड नाही. मागच्या नाल्यात भराव टाकून भिंत बांधली." आईने घाबरत विचारलं, "पण मुलगा कसा आहे?" आत्या म्हणाली, "मानूस वरून दिसत नाही. मानसानं काय करून ठेवलं ते दिसते." स्थळ गेलं. मला काय वाटलं ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

आत्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. पण तिचा खरा जीव उपग्रहाच्या चित्रांत. मेळघाटातलं जंगल कुठे विरळ झालं, जमिनीखाली खारं पाणी असलेल्या खारपाणपट्ट्यात हिवाळ्यात कुठे पीक उभं राहतं, कुठल्या तलावात गाळ भरला, हे सगळं ती त्या चित्रांवरून काढते आणि त्याचे नकाशे करते. या चित्रांची एक गंमत आहे. निरोगी पान जो प्रकाश सगळ्यात जास्त परत फेकतं तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चित्रात तो लाल रंगाने दाखवतात. जितकं झाड टवटवीत तितकं लाल. आत्याने इतकी वर्षं हे लाल पाहिलं आहे की तिच्यापुरता निसर्गाचा रंग बदलून गेला आहे. एकदा कोपऱ्यावरच्या भाजीवालीला ती म्हणाली, "मेथी काही लाल नाही वाटून राहिली आज." भाजीवाली कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत राहिली. "म्याडम, लाल पाह्यजे तं टमाटे घ्या ना." मी पिशवीत तोंड घालून उभी होते. आत्याला यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. तिने मेथी घेतली आणि घरी येईपर्यंत मला पानातल्या पाण्याबद्दल सांगितलं.

उपग्रह कोणत्या दिवशी आपल्यावरून जाणार हे तिला लोकांना चतुर्थी-एकादशी ठाऊक असते तसं ठाऊक असतं. तो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो. त्या दिवशी ती गच्चीवर पांढऱ्या चादरी वाळत घालू देत नाही. "उगाच चमकतात." आमच्या डबल बेडच्या चादरी आकाशातून दिसण्याइतक्या मोठ्या नाहीत, हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत आहे. तिच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद चौकोन. तरीही चादरी घरात, पंख्याखाली. मी वाद घालत नाही. बारावीनंतर शिकायला म्हणून तिच्याकडे आले, नोकरी लागली तरी तिथेच राहिले, ते काही वाद घालून नव्हे.

एवढं वरून पाहणारी ही बाई विद्यार्थ्यांना मात्र एकच गोष्ट ओरडून शिकवते: खाली उतरा. एकदा तिने मुलांना मेळघाटात सेमाडोहला नेलं, तेव्हा मीही गेले होते. नकाशात एक पट्टा गर्द जंगल म्हणून आला होता. मुलं खूश होती. आत्याने त्यांना उतार चढायला लावून नेमकं तिथे उभं केलं. तिथे जंगल नव्हतं. होती ती रायमुनिया, मोकळी जागा दिसली की माजणारी काटेरी झुडपं, एकाला एक लागून, वरून पाहिली तर तितकीच लाल. सगळ्यांच्या बाह्या अडकल्या. त्या काट्यांत उभं राहून आत्या म्हणाली, "जो मानूस जागेवर गेला नाही त्याचा नकाशा म्हंजे नुसती अफवा. समजलं काय? आन गेले तं उपग्रह जाते त्याच दिवशी जा. वरचं आन खालचं एकाच दिवशी पाह्यलं पाह्यजे." मुलांनी माना हलवल्या. मीही हलवली, आणि मनात म्हटलं, मग वलगाव?

वलगावला आमचं घर आणि शेत आहे. आत्या त्याच घरात वाढली. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. आजोबा, म्हणजे तिचे आबा, गेल्यावर वहिवाटीप्रमाणे आत्याने जमिनीवरचा हक्क सोडायचा होता. तिची ना नव्हती. पण हक्कसोडीचा कागद घेऊन बाबा आले नाहीत. त्यांनी तो तहसिलीत लिखापढी करणाऱ्या एका माणसाच्या हाती पाठवला. आत्याने त्या माणसाला चहा दिला, सही केली, आणि त्या दिवसापासून वलगावला पाऊल ठेवलं नाही. "कागद पाठवला. सोता नाही आला," एवढंच ती म्हणते. बाबा तर तेवढंही म्हणत नाहीत.

मात्र शेतावरचा तिचा डोळा हलला नाही. दर नव्या चित्रात ती आधी आमचं शेत उघडते, मग मेळघाट. आणि मधे मी, दर रविवारी घरी जाणारी, अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी, म्हणून निरोप न बिघडवता नेईन असा दोघांनाही भरवसा असलेली. "तुझ्या बापाले सांग, नाल्याकडची तूर सुकून राहिली. कावून पानी नाही देत?" मी वलगावला जाऊन सांगायचे, "आत्या म्हणते, नाल्याकडच्या तुरीला पाणी हवंय." बाबा वैतागायचे. "तिले म्हन, खुर्चीवर बसून शेती नाही होत." आणि दुसऱ्या सकाळी नाल्याकडची मोटर सुरू व्हायची. पुढचं चित्र आलं की आत्या स्क्रीनकडे पाहून स्वतःशीच म्हणायची, "दिलं वाटते." माझ्या घरातली दोन मोठी माणसं अशी कित्येक हंगाम एकमेकांशी बोलत होती. एक उपग्रहातून, दुसरा मोटरच्या बटणावरून. मधली वाक्यं माझी.

यंदा तूर निघाल्यावर एका रविवारी जेवताना बाबांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "तिले वरून केवढं दिसते? बकरी दिसते काय?"

"नाही."

"बैलगाडी?"

"नाही. दहा मीटरचा एक ठिपका असतो, बाबा. निदान खळ्याएवढं काही असलं तर ओळखू येतं."

"मानूस?"

"माणूस तर नाहीच."

त्यांनी भाकरीचा तुकडा कुस्करला. "हं," म्हणाले. "मानूस नाही दिसत."

त्यानंतरच्या चित्रात आमच्या शेताचा रस्त्याकडचा कोपरा पांढरा झाला होता. मातीचा तपकिरी नव्हे, कापलेल्या तुरीचा करडा नव्हे, लख्ख पांढरा, आणि चारी बाजूंनी सरळ. आत्याने चष्मा काढला, पुसला, घातला. वलगावच्या रस्त्याला शेतं मोडून भूखंड पाडायचं चाललंच आहे. आधी मुरूम पडतो, मग चुन्याच्या रेषा, मग फलक. "निसर्ग असं चौकोनी काम करत नाही," ती म्हणाली. "प्लॉट पाडून राहिला तुझा बाप. आबाचं शेत!" मी म्हटलं, विचारून पाहू का? "तू काय विचारशीन? तू अर्धं गाळून सांगते, मले माहीत नाही काय?" इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की तिला माहीत होतं. मग मी जे कधी करत नाही ते केलं. म्हटलं, "तू तर हक्क सोडलास ना, आत्या?" ती स्क्रीनकडेच पाहत होती. "हक्क सोडला. डोये नाही सोडले."

ती लगेच निघाली नाही. उपग्रह पुन्हा जायचा होता त्या दिवसापर्यंत थांबली. रागातसुद्धा पद्धत मोडायची नाही. त्या दिवशी पहाटेच तिने टोपी घातली, मेळघाटात घालायचे बूट घातले, जीपीएस आणि मोजपट्टी बॅगेत टाकली, आणि आम्ही एसटीने अमरावतीला, तिथून ऑटोने वलगावला पोचलो. ज्या शेतात ती रांगली तिथे ती जीपीएस पाहत शिरली. पायवाट शेजारीच होती.

मुरूम नव्हता. चुना नव्हता. पांढऱ्या ताडपत्र्या होत्या. मळणीच्या, ट्रॅक्टरवरच्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या, आणि मधली जागा पुरी करायला मंडपवाल्याचं पांढरं कापड. कडांना दगड ठेवून, दोरी धरून सरळ केलेलं. पलीकडे निंबाखाली बाबा उकिडवे बसले होते. आम्हाला पाहून उभे राहिले, आणि मग हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

आत्याने त्यांना परक्याला करावा तसा जयभीम केला. बाबांनीही केला. मग ती खाली बसली, ताडपत्रीचं टोक उचललं, खालची माती पाहिली.

"हे तं ताडपत्री हाये."

"मंग? तुले काय वाटलं?"

"कावून अंथरली?"

"तुले दिसावं म्हनून."

आत्या टोक हातात धरून तशीच बसली. "फोन कराचा होता, बापू."

"तू उचलला असता, बाई?"

तिने टोक खाली ठेवून सारखं केलं. नंतर म्हणाली, "कागद घेऊन तू कावून नाही आला?"

बाबांनी एक सुटलेला दगड पायाने पुन्हा कडेवर सरकवला. "तुह्याकडं मागाले तोंड नव्हतं. धाडलं त्याले. मंग तुह्याकडं याले बी तोंड नाही राह्यलं."

वरून काही गेलं असेल. आकाश निळं होतं, ढग नव्हता. आत्याने सवयीने घड्याळ पाहिलं, वर पाहिलं, आणि मग आवाज चढवून म्हणाली, "आन हे कापड मंडपवाल्याले परत कर आधी. उनात सडवलं त्याचं." बाबा म्हणाले, "तू पाहून घे, मंग करतो." मोजपट्टी बॅगेतच राहिली.

आता ते दोघं फोनवर थेट भांडतात. तुरीवरून, पाण्यावरून, मोटरवरून. पूर्ण वाक्यांत, काही न गाळता. आत्या महिन्यातून एकदा वलगावला जाते. मला कोणी निरोप देत नाही. रविवारी एसटीत बसते तेव्हा सोबत न्यायला काही नसतं, आणि याची खंत वाटावी हे मला स्वतःलाच विचित्र वाटतं.

त्या सकाळचं चित्र आत्याने कॉम्प्युटरवर लावून ठेवलं आहे. पुढच्या चित्रात पांढरं काही नाही, नुसती माती आहे, पण हे तिने ठेवलं. घरी कोणीही आलं की ती पांढऱ्या चौकोनाच्या कडेच्या एका तपकिरी ठिपक्यावर बोट ठेवते. "हा पाहा. याच्यात मी आन बापू उभे हाओ." पाहुणे वाकून पाहतात आणि हो म्हणतात. ती बाजारात गेली की कधीकधी मीही तो ठिपका मोठा करून पाहते. ठिपका मोठा होत जातो, सगळी स्क्रीन तपकिरी होते. त्यात निंबाकडच्या बाजूला कुठेतरी मीही आहे.