डाळमिलमधल्या गाण्यांची साफसफाई

लातूरच्या एका डाळमिलमध्ये डाळ निवडायला बसणाऱ्या बायांची गाणी मी काही वर्षं गोळा केली. नांदेडला कॉलेजात मराठी शिकवत होतो. सुट्टी लागली की रेकॉर्डर घेऊन लातूर गाठायचो. गाणी एका वेबसाइटवर चढवली. मागच्या वर्षी ती चालवणाऱ्यांनी कळवलं, साइट बंद होतेय, महिनाभरात आपापलं उतरवून घ्या.

उतरवून घेतलं, आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. नव्या ठिकाणी जागा कमी होती हे निमित्त. खरं म्हणजे मला ती रेकॉर्डिंगं गबाळी वाटायची. गाण्याआधी बाया पाच-पाच मिनिटं बोलत बसायच्या. मुकादमानं कुणाची हजेरी कापली, मिल बंद पाडली तेव्हा फाटकात कोण आडवं बसलं, पोटुशी असताना कुणी पोती ओढली. ही सगळी बडबड मी कापून टाकली. गाणी कशी स्वच्छ निघाली! मी स्वतःवर इतका खूश की मूळ फायलीही पुसल्या. मग साइट बंद झाली.

दोनेक महिन्यांनी एक बाई पत्ता शोधत घरी आल्या. इथेच दवाखान्यात नर्स आहेत, माहेर शिरूर अनंतपाळकडचं. त्यांची आई त्या मिलमध्ये कामाला होती, उन्हाळ्यात वारली. घरात फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. मी मोठ्या हौसेनं त्यांच्या आईची गाणी लावली. दोन गाणी त्यांनी ऐकली.

"बोललेलं न्हाई का सर काही?"

"गाणी आहेत ना ताई. चांगली अकरा आहेत."

"गाणी तर समद्याच म्हणायच्या. ती बोलायची कशी, ते ऐकायचं व्हतं. मिलमधलं तुमच्यापाशी लई सांगितलं म्हणे तिनं. आमच्यापाशी कधीच न्हाई."

मी काय केलं ते सांगून टाकलं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसतं "हाव" म्हणाल्या आणि पर्स उचलली. मला भयंकर लाज वाटली.

त्यांना थांबवून मी अकराही फायली पहिल्यापासून लावल्या. नवव्या गाण्याच्या आधी, कापायचं राहून गेलेलं, एक वाक्य निघालं.

"अवं सर, थांबा जरा, घसा खरखरायलाय." मग हसणं. मग गाणं.

मी जपलं होतं असं नाही. त्या दिवशी कंटाळलो असणार.

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. आईसारखंच त्याही हसल्या आणि डोळे पुसले.

"मोबाईलवर पाठवता का सर?"

मी फाईल पाठवायला घेतली.

"गाणं नको. तेवढंच."

मी गाणं कापलं आणि उरलेलं पाठवलं.