विहीणबाईंनी प्लग काढला

माझी आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी छताकडे बघते, मग माणसांकडे. यात उद्धटपणा नाही, तिचा पेशाच तसा आहे. जुनी घरं, दुकानं, कचेऱ्या दुरुस्त करण्याआधी किंवा पाडण्याआधी त्यांत ॲस्बेस्टॉस कुठेकुठे दडलंय ते शोधून लेखी द्यायचं, हे तिचं काम. पूर्वी बांधकामात हा माल सर्रास वापरत. आगीला दाद देत नाही, स्वस्त पडतो, वर्षानुवर्षं टिकतो. मग कळलं की तो कापला, फोडला, खरवडला की त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी माणसाला भोवते. तेव्हापासून आत्यासारख्या माणसांना रोजचं काम मिळालं.

ती या धंद्यात आली ती योगायोगानेच. आधी अकरा वर्षं रंगाच्या दुकानात गल्ल्यामागे उभी असायची. एक दिवस एक पाहणीवाला भोकं बुजवायला लांबी घ्यायला आला आणि कुरकुरू लागला, की माझा मदतनीस शिडीला घाबरून पळाला. आत्या म्हणाली, "मला शिडीची भीती वाटत नाही, आमच्या मालकांची वाटते." पुढच्या सोमवारी ती त्याच्याबरोबर एका बंद पडलेल्या बिस्किटांच्या कारखान्यात बॉयलरमागे रांगत होती. चाळिसाव्या वर्षी परीक्षा देऊन स्वतःच्या पायावर उभी राहिली. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकांचं, चष्म्याचं दुकान आहे, त्यांनी तिला त्या आनंदात एक भलंमोठं भिंग दिलं.

बोटाच्या पेराने भिंत वाजवून आवाज ऐकायची तिला सवय. त्यावरून आम्ही पोरं तिला टकटक आत्या म्हणायचो. एकदा ती बँकेच्या रांगेत उभी होती. शेजारचा खांब वाजवून ती स्वतःशीच म्हणाली, "वरून भारदस्त, आतून पोकळ." पुढच्या गृहस्थांना वाटलं, आपल्यालाच म्हणाली. ते वळून म्हणाले, "बाई, तुम्ही मला ओळखता का?"

तिच्या कामाच्या गोष्टींत मला आवडते ती विम्याच्या चार मजली कचेरीची. पांढरा डगला, तोंडावर मास्क, हातात पाण्याचा फवारा, अशी ती मजल्यामजल्याने फिरत होती. एक कारकून हळूच जवळ आला.

"बाई, तुमचं यंत्र साहेबांच्या केबिनमध्ये जरा जास्त वेळ फिरवा."

"यंत्र नाही हो, नुसते डोळे आहेत."

"मग डोळे फिरवा. काहीतरी निघेलच. माणूस तसा विषारीच आहे."

आत्याने केबिनचा कोपरा न् कोपरा बघितला, तिथे काही नव्हतं. निघालं ते नेमकं त्या कारकुनाच्या टेबलामागच्या गरम पाण्याच्या नळावर. नळाभोवती गुंडाळलेला थर फाटून लोंबत होता. तो काढायला तीन आठवडे लागणार होते, आणि तेवढे दिवस त्या कारकुनाला बसायला कचेरीत एकच जागा रिकामी होती, साहेबांच्या केबिनमध्ये, साहेबांच्या समोर. त्याने आत्याला पुढे दोन वर्षं ओळख दाखवली नाही.

तर अशा आत्याच्या लेकीचं, म्हणजे आमच्या ताईचं, लग्न ठरलं. मुलगा तिने स्वतःच बघितला होता. राहिलं होतं ते दोन्ही घरांनी एकमेकांना बघायचं. रविवारी दुपारी मुलाकडे चहाला जायचं ठरलं आणि शनिवारी ताईने आत्याला समोर बसवलं.

"आई, मला एक वचन दे. तिथे वर बघायचं नाही."

"मग कुठे बघू?"

"माणसांकडे. डोळ्यांत. चारचौघं बघतात तसं."

"आणि भिंत?"

"भिंतीला बोट लावायचं नाही."

आत्या दिल्या शब्दाला जागणारी. गाडीतच तिने सराव सुरू केला. काका गाडी चालवत होते आणि ही त्यांच्या डोळ्यांत टक लावून बसलेली. दोन चौक गेल्यावर काका म्हणाले, "समोर बघ गं, मला लाजायला होतंय." मी मागे ताईशेजारी होते. मला नेलं होतं ते आत्यावर लक्ष ठेवायला.

मुलाचं घर कोपऱ्यावरचं, जुनं, दुमजली. मुलाची आई गाण्याच्या शिकवण्या घ्यायच्या, आवाज असा की "या, बसा" म्हणाल्या तरी कपाटाच्या काचा थरथरल्या. वडील टपालखात्यातून निवृत्त झालेले. अजून लग्न व्हायचं होतं, पण त्यांनी दारातच "या विहीणबाई" म्हणून टाकलं, तेव्हा मीही त्यांना व्याहीच म्हणते.

आत्या खुर्चीत बसली आणि गाणाऱ्या विहीणबाईंच्या डोळ्यांत बघू लागली. पापणीही लवू दिली नाही. त्या बिचाऱ्या बोलताबोलता अडखळल्या, दोनदा आत जाऊन आल्या. पुढे खूप महिन्यांनी त्यांनी सांगितलं, की मला वाटलं माझ्या तोंडाला काहीतरी लागलंय, म्हणून आरशात बघून आले.

व्याही मात्र खुशीत होते. "या घरातलं एकही काम मी आजवर बाहेरच्या माणसाला दिलं नाही," ते म्हणाले. "नळ मी, रंग मी, दारं मी."

"दिसतंय," काका म्हणाले. खोलीत येताना त्यांनी दाराची मूठ धरली होती, ती त्यांच्या हातातच आली होती. कुठे ठेवावी हे न कळून ते ती मांडीवर घेऊन बसले होते.

चहा झाला, केक झाला. मग व्याह्यांनी पलंगाखालून एक मोठी तसबीर काढली. ताईचा आणि होणाऱ्या भावजींचा फोटो, सोनेरी चौकटीत. "हा आज दोन्ही घरांच्या साक्षीने लावायचा," असं म्हणून त्यांनी ड्रिल आणलं, स्टूल आणलं आणि खोलीच्या मधल्या भिंतीपाशी गेले. तिथे पूर्वी भिंतीत शेकोटी होती. आधीच्या मालकाने कधीकाळी तिच्या तोंडावर एक मोठी फळी ठोकून ती बंद केली होती. फळीला फिकट हिरवा रंग दिलेला. एका कोपऱ्यात टवका उडून आतला करडा-पांढरा भाग दिसत होता.

समोरच होती ती फळी, वर बघायची गरजच नव्हती. वचन शाबूत होतं आणि आत्याला सगळं दिसलं.

तिने ताईकडे बघितलं. ताईने मान हलवली, नाही. आत्याचा चेहरा शिंक अडकल्यासारखा झाला. व्याह्यांनी ड्रिल फळीला टेकवलं. त्याच क्षणी आत्याने खुर्चीत बसल्याबसल्या पाय लांब केला, अंगठ्यात वायर अडकवली आणि प्लग ओढून काढला.

"लाईट गेली वाटतं," व्याही म्हणाले.

"पंखा फिरतोय की," विहीणबाई म्हणाल्या.

व्याही स्टुलावरून उतरले, प्लग उचलला आणि पलीकडच्या भिंतीच्या सॉकेटकडे निघाले. आत्या त्यांच्याआधी तिथे पोहोचली आणि सॉकेटला पाठ लावून उभी राहिली.

"विहीणबाई, जरा सरकता का?"

"मला इथे वारा छान लागतोय."

"तिथे कपाट आहे हो."

"कपाटाचाच लागतोय."

काकांनी मांडीवरची मूठ उलटीसुलटी करून बघितली. ताईने डोळे मिटून घेतले. आमचे होणारे भावजी मात्र सालस मुलगा. वडिलांची अडचण बघून ते उठले, हातोडी घेऊन आले आणि म्हणाले, "बाबा, त्यापेक्षा सरळ खिळाच ठोका."

तिथे आत्याचा धीर संपला. "कुणी काही ठोकायचं नाही," ती म्हणाली. "हातोडी खाली ठेवा." हा तिचा कामावरचा आवाज. तो ऐकून मोठमोठ्या ठेकेदारांनी कुदळी खाली ठेवल्याचं मी पाहिलंय. भावजींनी हातोडी खाली ठेवली. व्याह्यांनी ड्रिल ठेवलं. काकांनीही मूठ खाली ठेवली.

मग आत्याने शांतपणे सांगितलं, की ही फळी मला ॲस्बेस्टॉसची वाटते, आणि ॲस्बेस्टॉस म्हणजे काय. विहीणबाई म्हणाल्या, "मी सत्तावीस वर्षं या खोलीत गाते. तोंड उघडून."

"चांगलं आ वासून," व्याह्यांनी भर घातली.

"घाबरू नका," आत्या म्हणाली. "वरती रंगाचा थर आहे, फळी जवळजवळ धड आहे. ती झोपलेली आहे. झोपलेल्याला टोचायचं नाही, एवढंच. पण मी अंदाजाने बोलत नाही. नमुना घ्यावा लागेल. आणि माझी पेटी तर घरी राहिली."

"गाडीत आहे," काका म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. "म्हटलं, असू दे," ते म्हणाले आणि पेटी आणायला गेले.

आत्याने आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, खिडकी लावली, पंखा बंद केला, नवी साडी तशीच डगल्यात कोंबली आणि दार ओढून घेतलं. दाराला मूठ नव्हती, तिथे आता भोक होतं. व्याही त्याला डोळा लावून ओणवे झाले.

"पाणी फवारतायत," ते आम्हाला सांगू लागले. "आता चिमटा घेतला. टवक्याच्या कडेचा तुकडा घेतला. पिशवीत घातला. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. आता लांबी भरतायत. अगं, काय हात चालतो बाईंचा. माझी लांबी कधी इतकी सारखी बसली नाही."

ताई जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती भावजींना म्हणाली, "तुला विचार बदलायचा असेल तर आत्ताच सांग."

भावजी तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "तुझ्या आईने बाबांना हातातलं काम टाकायला लावलं. आमच्या घरात आजवर हे कुणाला साधलं नाही."

परतताना गाडीत मास्कचा वळ आत्याच्या नाकावर तसाच होता. घर आल्यावर ती ताईला म्हणाली, "वर नाही बघितलं मी." ताई आत गेली आणि तीन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलली.

नमुना प्रयोगशाळेत गेला. अहवालाला आठवडा लागणार होता आणि तो आठवडा आत्याला फार जड गेला. फळी साधीच निघाली तर जन्मभर हसं होणार, आणि ॲस्बेस्टॉस निघालं तर त्या माणसांच्या घरात ती वस्तू. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "लेकीच्या सासरी ॲस्बेस्टॉस निघू दे म्हणून हात जोडणारी आई तू कधी बघितलीस का? मी जोडले. मग लाज वाटली, म्हणून निघू देऊ नको म्हणून परत जोडले. आता वरच्याचाही गोंधळ झाला असेल."

आठव्या दिवशी अहवाल आला. आत्याने फोन लावला, विहीणबाईंनी उचलला.

"निघालं," आत्या म्हणाली.

पलीकडून विहीणबाईंचा तो आवाज घुमला, फोन कानापासून हातभर लांब धरला तरी आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, "अहो, ऐकलंत का, निघालं. विहीणबाईंचं बरोबर होतं. तुम्ही भोक पाडणार होतात."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आत्याच्या हातातून फोन घेऊन तिने ठेवला आणि म्हणाली, "त्या दिवशीच्या साडीवर लांबी सांडलीय तुझ्या. दे, मी काढते."

परवानावाली माणसं आली, खोली प्लास्टिकने बंद करून त्यांनी फळी उतरवून नेली. विहीणबाईंचे वर्ग दोन दिवस स्वयंपाकघरात भरले आणि दोन बरण्या तडकल्या. पुढच्या महिन्यात लग्न झालं, एकदम साधं, छान.

खरा परिणाम झाला तो व्याह्यांवर. त्यांना या कामाचं वेडच लागलं. आत्याला टपालाने पाकिटं येऊ लागली, एका पाकिटात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, कडा चिकटपट्टीने बंद, वर नंबर आणि सुवाच्य अक्षरात "संशयित". आत्या ती सगळी नियमाप्रमाणे मास्क लावून, ओली करून उघडायची. नमुना एक शिळा पाव निघाला. नमुना दोन बुटाचा तळ. नमुना तीन शेजाऱ्यांच्या कुंपणाचा तुकडा. त्यावरून शेजाऱ्यांशी भांडण झालं ते वेगळंच. शेवटी आत्याने फोन केला, "अहो, खरंच संशय असेल तर तुकडा तोडायचाच नसतो, आणि टपालाने तर मुळीच पाठवायचा नसतो. त्यापेक्षा तुम्ही स्वतःच या."

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार व्याही आत्याची शिडी धरतात. रीतसर प्रशिक्षण घेतलं, डगला मापाचा शिवून घेतला. शिडी घट्ट धरतात, अहवालांवर नंबर घालतात, पण अखंड बोलतात. टपालखात्यातल्या बत्तीस वर्षांच्या गोष्टी, तारखांसकट. आत्या वर छताच्या पोकळीत डोकं घालून "हं, हं" करत असते. मास्कमुळे उत्तर देता येत नाही, हे त्यांना बोलावत ठेवायचं कारण की न ठेवायचं, ते तिचं तिला अजून ठरवता आलेलं नाही.

एकदा तिने ताईला फोनवर विचारलं, "तुझे सासरे फार दमत तर नाहीत ना? म्हातारा माणूस, आठवड्यातून एकच दिवस बोलवू का?"

"नको गं आई," ताई घाईघाईने म्हणाली. "उलट बुधवारीही ने. त्यांनी काल परत ड्रिल बाहेर काढलंय."