तुरुंगाच्या भिंतीवरचा घोडा

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही, ती गेली. आता राहवत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही न्यूझीलंडला, दक्षिण बेटावर मुलाकडे राहत होतो. गावाबाहेर माळावर सोन्याच्या खाणींच्या काळातला दोन कोठड्यांचा दगडी तुरुंग होता आणि गावातली काही मंडळी समिती करून तो जपायच्या खटपटीत होती. मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला, घरात बसवेना, म्हणून त्यांच्यात जाऊ लागलो. किल्ली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याशी माझं जमलं. त्याचा आजा घोडाचोरीपायी तिथे कैदेत होता.

"आज्याने खिळ्याने भिंतीवर घोडा कोरलाय," तो एकदा म्हणाला. "चोरला तोच असणार."

मी हसलो. घोडा नेमका कुठे, हे विचारलं नाही.

तुरुंग लोकांना खुला करायचा दिवस उद्यावर आला. पाहुणे येणार आणि आतल्या भिंती काळ्या, ओरखडलेल्या. आमच्या खात्यात साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी चुना मारायचा, हा शिरस्ता. बाहेरच्या दगडांच्या सांध्यांत भरायला चुना आणलेलाच होता. झाडून काढतो म्हणून मी म्हाताऱ्याकडून किल्ली घेतली आणि दोन्ही कोठड्या पांढऱ्याशुभ्र केल्या. किल्ली परत देऊन खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तो नातीला घोडा दाखवायला घेऊन आला. भिंतीवरून नुसता हात फिरवत राहिला. चुना खरवडून पाहिला, तर खालचा मातीचा गिलावाच पोपडे होऊन सुटला.

"हे कुणी केलं?" समितीच्या बाईंनी विचारलं.

त्याने माझ्या नखांतला चुना पाहिला. "किल्ली माझ्याकडे होती," तो म्हणाला. "चूक माझी धरा."

बाईंनी किल्ली काढून घेतली. मी हात खिशात घातले. मुलाला याच गावात राहायचंय, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे भ्यालो.

मग रोज त्याच्या फाटकापर्यंत जायचो आणि वळायचो. भारतात परतायच्या आधी एकदा आत गेलो. इंग्रजी वाक्य घोकलेलं होतं.

"बस, मेट," तो तिकडे दोस्ताला म्हणतात तसं म्हणाला. "चहा तुमच्यासारखा कडक नाही हां."

ऊन, जर्दाळू, गुडघे, सगळं बोलून झालं. दाराशी तो थांबला, बहुधा वाट पाहत. मी म्हणालो, "चहा छान होता."

पुढे तो गेल्याचं मुलाने फोनवर कळवलं. वाक्य एवढंच होतं: चुना मी मारला, तुझ्या आज्याचा घोडा मी पुसला, मला माफ कर.