गणपतीचे डोळे आखणारा

दारू सोडायला निघालेल्या माणसाला मी एकदा स्वतःच्या हाताने दारू दिली. लग्न होऊन रोह्याला आले होते आणि अर्धी डॉक्टर असल्याच्या तोऱ्यात वावरायचे.

तो ह्यांचा हमरापूरचा मित्र, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा. बोलताना एक डोळा मिटून बघायचा आणि बोटाने हवेतच समोरच्याचे डोळे काढायचा. "वहिनी, तुझे डोळे झोपलेले हायत," म्हणायचा, आणि मी लाजून पदर सावरायचे. काय ते ध्यान!

एका रविवारी आम्ही कुंडलिकेच्या काठावर डबे घेऊन गेलो होतो. जेवून हे झाडाखाली घोरत होते. पाणी इतकं संथ, की आभाळच सावकाश वाहतंय असं वाटावं. त्याने वाळूत काडीने डोळा काढायला घेतला, पण रेघ हलत राहिली. दारू नुकतीच सोडलेली, डॉक्टरच्या गोळ्या चालू.

"हात असाच ऱ्हायला तर मूर्तींना डोळे कोण देल?" तो पुटपुटला.

मी विरघळले. दोन घोटांनी हात स्थिर होतो, असं कुठंतरी ऐकलेलं. ह्यांच्या पिशवीतल्या बाटलीतून पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याच्या हातात पेल्यातली दारू थरथरत होती. एक डोळा मिटून तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग ती वाळूत ओतली आणि रिकामा पेला मला परत देत म्हणाला, "हात थरथरतो हाय म्हंजे ती अंगातून निघते हाय, वहिनी. थरथरू दे गो."