टीचरांचा पास्कू

आमच्या टीचर जिवंत ताऱ्यांकडे ढुंकूनही बघत नसत. कॉलेजच्या गच्चीवर मुलं आकाशदर्शनाला जमली की या खाली स्टाफरूममध्ये शेंगदाणे खात बसायच्या. "जिवंत ताऱ्यात काय बघायचंय? मेल्यावर खरे रंग कळतात," म्हणायच्या. स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्यांचे अवशेष, म्हणजे आकाशात फुगत जाणारे तापल्या वायूचे गोळे, हा त्यांचा विषय. ते क्ष-किरणांत झळकतात, पण आपली हवा ते किरण खाली येऊ देत नाही. म्हणून दुर्बीण अंतराळात आणि टीचर वसईत, केळीच्या वाडीतल्या घरी, तिने पाठवलेले फोटो निरखत.

मी त्याच कॉलेजात गणित शिकवायचो. एकदा त्या एव्हरशाईन कॉलनीत आमच्या घरी आल्या, तर क्ष-किरणवाल्या बाई आल्याचं ऐकून शेजारचे काका गुडघ्याची फिल्म घेऊन हजर! टीचरांनी ती ट्यूबलाइटसमोर धरून गंभीरपणे पाहिली. "काका, माझं काम फुटल्यानंतरचं. तुमचा नुसता झिजलाय." काका चक्क समाधानाने परत गेले.

मासळीबाजारात तर त्यांना आवरणं मुश्किल. मार्थाबाय त्यांची नेहमीची कोळीण. सुरमईचा काटा दाखवून टीचर तिला म्हणाल्या, "यातलं कॅल्शियम कुठल्यातरी मेलेल्या ताऱ्याचं बरं का, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या." मार्थाबाय भडकली. "ओ टीचर, माजी मासली आजची हाय! करोडो वर्सांची तुमी दुसरीकडं बगा." पुढचे दोन रविवार तिने टीचरांना चर्चमध्येही ओळख दिली नाही.

या सगळ्या मेलेल्यांत टीचरांचा एक लाडका होता. त्याचं खरं नाव नुसते आकडे. टीचर त्याला पास्कू म्हणत. आजोबांच्या भावाचं नाव. तेही असेच अचानक भडकायचे म्हणे. नोव्हेंबरात चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना होते, त्या मिस्सात वाचायला लोक आपापल्या गेलेल्या माणसांची नावं देतात, तेव्हा टीचरांनी पास्कूचं नाव दिलं. फादर हसून म्हणाले, "टीचर, याचा बाप्तिस्मा झालाय का?"

"आगीचा झालाय, फादर."

फादर सुटकेसाठी म्हणाले, "बरं, वय सांगा. मग वाचतो."

इथेच घोडं अडलं. कारण पास्कूचं वय कुणालाच माहीत नव्हतं. ते का, हे टीचरांनी मला नाताळात फुगे, म्हणजे वसईकडचे गोडसर वडे, तळताना समजावलं. कढईत टम्म होणाऱ्या त्या पिठाच्या गोळ्याचा फोटो काढून म्हणाल्या, "सावंत, सांग, हा किती वेगाने फुगतोय?" मी म्हटलं, एका फोटोवरून कसं सांगणार? "तेच तर! दुसरा लागतो. किती वाढला ते कळलं की कधी फुटला ते काढता येतं." दुसरा फोटो काढेपर्यंत फुगे कोळसा झाले होते.

पास्कूचा पहिला फोटो जुना होता. दुसऱ्यासाठी टीचर दरवर्षी दुर्बिणीचा वेळ मागायच्या आणि दरवर्षी नकार यायचा. जगभरातले लोक रांगेत. नकार आला की त्या म्हणायच्या, "त्याला कुठे घाई आहे?" घाई त्यांनाच होती, हे आम्हाला उशिरा कळलं. होकार आला तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि पास्कूची पाळी कित्येक महिन्यांनी होती. मला म्हणाल्या, "तू मोज. पण नीट. घाई केलीस तर माझा पास्कू उगाच तरुण निघेल."

फोटो आला तेव्हा टीचर नव्हत्या. मी पुन्हा पुन्हा मोजलं. गोळा केसभर वाढला होता. मी रडलो, मग फादरकडे गेलो. "तीन हजार वर्षं," मी म्हणालो, "थोडी इकडेतिकडे." फादरनी मान डोलावली. बाप्तिस्म्याचं विचारलं नाही.

मृतांच्या मिस्सात त्यांनी टीचरांचं नाव वाचलं आणि लगेच पुढे, त्याच सुरात, "पास्कू, वय वर्षे तीन हजार." मागच्या बाकावरून मार्थाबायने मला हळूच ढोसलं.

"ह्यो कुनाच्यातला?"

"टीचरांच्या घरचा."

तिने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला.

"तीन हजार? मंग वय झालतं बिचाऱ्याचं," ती म्हणाली. "टीचरचंच वय झालं नव्हतं."