बाईंचे परिच्छेद

पाणीपुरवठा कार्यालयातल्या बाईंनी पत्रांचे ऐंशी तयार परिच्छेद आपल्या एकटीच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले होते. नवी जोडणी नाकारायची असो की मुदत वाढवून द्यायची असो, मजकुरासाठी माणसं त्यांच्याच टेबलाशी यायची.

"आलात मागायला? आधी बसा. पोरांचा ताप उतरला का?" अशी चौकशी करूनच बाई मजकूर द्यायच्या. त्यांच्या घरी बोलायला कुणी नव्हतं.

संगणक विभागातल्या नव्या मुलीवर त्यांचा जीव होता. परिच्छेद सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, म्हणून तीच त्यांच्या मागे लागली.

"मावशी, तुमचं मशीन बसलं तर सगळंच जाईल."

"अगं, पण मग माझ्याकडे कोण येईल?"

"मी येईन की रोज! कंटाळाल इतकं डोकं खाईन."

बाईंनी फार ताणून धरलं नाही. ऐंशीच्या ऐंशी परिच्छेद फोल्डरमध्ये गेले आणि ज्याचा तो आपापल्या जागी पत्रं करून त्याच फोल्डरमध्ये ठेवू लागला. बाईंच्या समोरची खुर्ची कुणीतरी बैठकीसाठी उचलून नेली, ती परत आली नाही. मुलगी काही दिवस जात राहिली. मग कामाच्या रगाड्यात तिचंही जाणं राहून गेलं.

एका सोमवारी बाई आल्या नाहीत. मंगळवारी, बुधवारीही नाहीत. कुणाचंच अडलं नाही, त्यामुळे कुणी विचारलंही नाही. गुरुवारी शेजाऱ्यांनी दार फोडलं. बाई रविवारीच गेल्या होत्या.

मुलीने फोल्डर उघडून पाहिलं. त्या तीन दिवसांत कार्यालयातून एकेचाळीस पत्रं गेली होती. सगळी बिनचूक होती.