सिंगापुरात मारलेली शिट्टी
निखाऱ्यावर साटे, म्हणजे काडीला टोचलेले मटणाचे तुकडे, भाजल्याचा वास आला की मला पोराचा पहिला कार्यक्रम आठवतो. दिवसा कॉम्प्युटरवर काम करणारं माझं पोरगं संध्याकाळी बचाटा गायचं, म्हणजे स्पॅनिश भाषेतली प्रेमाची गाणी, ज्यांवर जोडीनं नाचतात. सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या एका हॉटेलवाल्यानं त्याला एकच संध्याकाळ दिली होती. लोक नाचले तरच दर शनिवार मिळणार होता. पोरगं जीव ओतून गात होतं, अन् लोक साटे खात मोबाइल बघत होते. गाण्यातलं अक्षर मला कळत नव्हतं, पण पोराचा धीर सुटत चाललाय एवढं कळलं. मी उठलो, तमाशात मारायचो तशी शिट्टी मारली अन् ओरडलो, "वन्स मोअर!" सून म्हणाली, "बाबा, बसा ना खाली, सगळे बघतायत!" म्हटलं, "बघू देत! मोबाइलमधून डोकं तर वर निघालं." पोरगं खुदकन हसलं, तेच गाणं पुन्हा धरलं, अन् एक जोडी उठली, मग दुसरी, मग बसायला कुणी उरलंच नाही. मालक तिथल्या बोलीत 'लाह' जोडत म्हणाला, "शनिवार तुझा, पण अंकलला आणायचं, लाह!" आता पोराला देशोदेशींची बोलावणी येतात. मला माझ्या गळ्यानं तारलं, म्हणतो. म्हणू दे.